विश्लेषण : चार डिस्कच्या संचात पाचवी डिस्क लावायला वीस वर्षं का लागली?

जानेवारी २०२५ मध्ये ओपनझेडएफएस या मुक्त सॉफ्टवेअरची २.३ ही आवृत्ती आली. नव्या सोयींच्या यादीत अगदी वर एक सोय होती : आधीच चालू असलेल्या डिस्कच्या संचात आता आणखी एक डिस्क जोडता येईल. बस्स, एवढंच.

मोबाइलमध्ये मेमरी कार्ड सरकवणाऱ्या माणसाला यात बातमी ती काय, असंच वाटेल. पण घरी किंवा छोट्या ऑफिसात स्वतःचा सर्व्हर चालवणारे जगभरचे लोक या एका ओळीची वर्षानुवर्षं वाट पाहत होते. झेडएफएस ही डेटा साठवण्याची व्यवस्था भरवशाच्या बाबतीत अव्वल मानली जाते आणि नेमकं तिच्यातच हे साधं वाटणारं काम होत नव्हतं. चार डिस्क लावून सुरुवात केली आणि जागा भरली, तर पाचवी विकत आणून उपयोग नाही. एकतर अख्खा नवा संच घ्या, नाहीतर सगळा डेटा दुसरीकडे हलवून मांडणी पहिल्यापासून करा. आता 'दुसरीकडे' म्हणजे कुठे? तेवढी मोकळी जागा असती तर डिस्क कशाला आणली असती?

जून २०२१ पासून गुगल फोटोजने अमर्याद फुकट साठवण बंद केली. दरमहा भाडं भरायचं की स्वतःच्या डिस्क घ्यायच्या, हा हिशेब तेव्हापासून घराघरांत होतो. स्वतःच्या घ्यायच्या, तर आज तीन-चार घेऊ आणि पुढच्या दिवाळीला एक वाढवू, हीच सर्वसामान्यांची रीत. त्यात २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरी आणि साठवणीच्या वस्तू महाग होऊ लागल्या. अशा वेळी एकेक डिस्क वाढवता येणं हा थेट खिशाचा प्रश्न होतो.

'सी' आणि 'डी' नसलेलं जग

विंडोजमध्ये नवी डिस्क लावली की तिला एक अक्षर मिळतं : डी, ई, एफ. युनिक्स आणि त्याच्या घराण्यातल्या लिनक्स, फ्रीबीएसडी, मॅकओएस या प्रणालींत ही अक्षरं नाहीत. तिथे फोल्डरांचं एकच झाड असतं आणि नवी डिस्क त्या झाडाच्या एखाद्या फांदीवर बसवली जाते. याला 'माउंट' करणं म्हणतात. फायदा असा की फोटोंचं फोल्डर कोणत्या डिस्कवर आहे, याच्याशी वापरणाऱ्याला देणंघेणं नसतं.

जागा संपण्याची कटकट मात्र युनिक्सच्या जन्मापासूनची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये युनिक्स पीडीपी-११ या यंत्रावर चालत असे. मुख्य डिस्क इवलीशी होती, म्हणून वापरकर्त्यांच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर 'यूएसआर' नावाच्या फोल्डरात ठेवल्या होत्या. पहिल्या डिस्कवर आज्ञावलीही मावेनाशी झाली तेव्हा उरलेली तिथेच ढकलली गेली. आजही लिनक्स आणि मॅकमध्ये 'यूएसआर'च्या पोटात आज्ञावलींचं फोल्डर सापडतं, त्याचं मूळ या अडचणीत आहे.

साध्या लिनक्सवर डिस्क वाढवायची रीत फारशी बदललेली नाही. नवी डिस्क कोणत्या नावाने दिसते ते शोधायचं, तिचे भाग पाडायचे, फॉरमॅट करायची, रिकाम्या फोल्डरवर बसवायची आणि यंत्र सुरू होताना ती आपोआप बसावी म्हणून 'एफएसटॅब' या फाइलमध्ये एक ओळ लिहायची. नवख्या लोकांचा घात इथेच होतो. 'एसडीए', 'एसडीबी' ही नावं यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर अदलाबदल होऊ शकतात, म्हणून त्या ओळीत नावाऐवजी डिस्कचा लांबलचक ओळख क्रमांक लिहावा लागतो. आणि त्याच ओळीत 'नोफेल' हा शब्द घातला नाही, तर उद्या ती डिस्क काढली किंवा बिघडली की बहुतेक लिनक्स प्रणाली सुरू होताना मध्येच थांबतात आणि काळ्या पडद्यावर आणीबाणीचा संदेश दाखवतात. जास्तीची जागा म्हणून लावलेली डिस्क अख्खं यंत्र अडवून धरते.

तीन आकडे आणि त्यांची बेरीज

झेडएफएसने हा सगळा व्याप संपवायचं ठरवलं होतं. जेफ बॉनविक आणि मॅट अॅरेन्स यांनी सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीत २००१ मध्ये ते काम सुरू केलं आणि २००५ मध्ये ते सोलारिस प्रणालीत दाखल झालं. कल्पना अशी : कॉम्प्युटरला मेमरीची पट्टी लावताना आपण तिचे भाग पाडत नाही की तिला फोल्डर देत नाही, मग डिस्कचंच एवढं कौतुक कशाला? सगळ्या डिस्कचा एक 'पूल' करा आणि ज्याला जेवढी जागा लागेल तेवढी त्यातून घेऊ द्या.

एक डिस्क मेली तरी डेटा वाचावा यासाठी या पुलात पॅरिटी असते. तीन आकडे घ्या : ५, ७ आणि ३. चौथ्या डिस्कवर त्यांची बेरीज लिहा, १५. आता ७ असलेली डिस्क जळाली तरी १५ मधून ५ आणि ३ वजा करून ७ परत मिळतो. प्रत्यक्षात बेरजेऐवजी थोडी वेगळी क्रिया वापरतात आणि पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर पसरतात, पण मर्म हेच. झेडएफएसमधल्या या प्रकाराला रेड-झेड म्हणतात. त्यात एक, दोन किंवा तीन डिस्क एकाच वेळी गेल्या तरी चालेल, अशा तीन पायऱ्या आहेत.

झेडएफएसचं खरं नाव झालं ते मात्र तपासणीमुळे. डिस्क नेहमी 'मी बिघडले' असं सांगून मरत नाही. कधीकधी ती गुपचूप चुकीचा डेटा देते आणि सहा वर्षांपूर्वीचा फोटो अर्धा करडा होऊन बसतो. झेडएफएस डेटाच्या प्रत्येक तुकड्याची तपासखूण ठेवते, वाचताना ती जुळवून पाहते आणि जुळली नाही तर पॅरिटीवरून खरा तुकडा परत बनवते.

मग घोडं अडलं कुठे?

याच गुणात दोष दडलेला होता. प्रत्येक तुकड्याचा पत्ता आणि तपासखूण त्याच्या वरच्या तुकड्यात लिहिलेली असते, त्या वरच्याची त्याच्याही वरच्यात, असं करत थेट मुळापर्यंत. आता पाचवी डिस्क आली म्हणून तळातला एक तुकडा हलवला, तर त्याचा पत्ता बदलतो. म्हणून वरच्या तुकड्यातला मजकूर बदलतो, म्हणून त्याची तपासखूण बदलते, आणि ही साखळी वर चढत जाते. त्यात झेडएफएस 'स्नॅपशॉट' काढते, म्हणजे त्या क्षणीच्या सगळ्या फाइलींचं गोठवलेलं चित्र. एकाच तुकड्याकडे अशी अनेक जुनी चित्रं बोट दाखवत असतात. चालू यंत्रावर, वीज कधीही जाईल हे धरून, हे सगळे पत्ते बदलायचे कसे? या कामाला 'ब्लॉक पॉइंटर रीराइट' असं नाव पडलं. त्यावर अनेक वर्षं चर्चा झाली, काम काही तडीस गेलं नाही.

आणि खरं सांगायचं तर सन मायक्रोसिस्टम्सच्या ग्राहकांना त्याची गरजही नव्हती. बँका, दूरसंचार कंपन्या, विद्यापीठं डझनावारी डिस्क विकत घेतात. त्यांना पाचवी डिस्क नको असते, पुढच्या बारा हव्या असतात. संपूर्ण नवा संच पुलाला जोडायची सोय झेडएफएसमध्ये पहिल्यापासून होती. अडचण फक्त त्याची होती, ज्याच्याकडे एकाच डिस्कचे पैसे आहेत.

बाकांची युक्ती

तोडगा काढला तो मॅट अॅरेन्स यांनीच. २०१७ मध्ये त्यांनी मांडलेली कल्पना इतकी सरळ आहे की शाळेच्या वर्गावरून समजते.

वर्गात एका बाकावर चार मुलं बसतात, हजेरीच्या क्रमाने. सतरा क्रमांकाचा मुलगा पाचव्या बाकावर पहिला. आता प्रत्येक बाक लांबवून पाच जणांचा केला. बाईंनी सांगितलं, क्रम तोच ठेवा, फक्त पुढे सरका. सतरा क्रमांकाचा मुलगा चौथ्या बाकावर दुसऱ्या जागी आला. त्याचा हजेरी क्रमांक बदलला का? नाही. हजेरीपटात एक अक्षरही खोडावं लागलं नाही. एका बाकावर पाच जण बसतात, एवढं माहीत असलं की कोणता क्रमांक कुठे बसला असेल हे साध्या भागाकाराने कळतं.

झेडएफएसमधले पत्ते म्हणजे हे हजेरी क्रमांक, आणि बाकावरची प्रत्येक जागा म्हणजे एकेक डिस्क. डेटा एका क्रमाने उचलून रुंद झालेल्या ओळींत पुन्हा मांडला जातो. कोणता तुकडा कोणत्या फाइलचा, हे पाहायची गरज पडत नाही, कारण पत्ता बदलतच नाही.

सुरक्षिततेचं काय? तीन तुकडे डेटा आणि एक पॅरिटी अशा चार जणांच्या गटाला लागोपाठचे क्रमांक असतात. पाच जागांच्या बाकावर लागोपाठचे चार जण कधीच एका रांगेत एकामागे एक येत नाहीत, मग गट बाकाच्या मध्यावर तुटून पुढच्या बाकावर गेला तरी बेहत्तर. त्यामुळे कोणतीही एक डिस्क गेली, तर गटातला फार तर एकच तुकडा जातो. म्हणजे पॅरिटीचं संरक्षण कायम. हे काम चालू असताना फाइली वापरता येतात, वीज गेली तर काम थांबलेल्या जागेपासून पुढे सुरू होतं. अगदी सुरुवातीला जुनी जागा आणि नवी जागा एकमेकींवर चढतात, तेवढ्यापुरती डिस्कवरच्या राखीव जागेत तात्पुरती प्रत ठेवली जाते. मधेच एखादी डिस्क बिघडली तर विस्तार थांबतो आणि ती बदलून संच धडधाकट झाल्यावरच पुढे सरकतो.

२०१७ ची कल्पना, २०२५ ची सोय

कल्पना सुचणं आणि लोकांच्या फोटोंवर ती चालवणं यांत आठ वर्षं गेली. सनला ओरॅकलने २०१० मध्ये विकत घेतलं आणि झेडएफएसच्या मुक्त शाखेचं काम करणारे पुढे ओपनझेडएफएस या प्रकल्पाखाली एकत्र आले. परवान्याच्या अटी जुळत नसल्यामुळे झेडएफएस लिनक्सच्या मूळ गाभ्यात नाही, तिथे ती बाहेरून जोडावी लागते. थोडक्यात, या सोयीमागे कोणतीही महाकाय कंपनी नव्हती. सुरुवातीचा खर्च फ्रीबीएसडी फाउंडेशनने उचलला. २०२१ मध्ये जवळपास तयार असलेला कोड सगळ्यांसमोर ठेवला गेला आणि मग तपासणीच्या रांगेत पडून राहिला. अखेर ट्रूनॅस ही घरगुती सर्व्हरवर चालणारी प्रणाली बनवणाऱ्या आयएक्ससिस्टम्स कंपनीने पैसे दिले, डॉन ब्रेडी यांनी तो पूर्णत्वाला नेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तो मूळ प्रकल्पात सामील झाला. ट्रूनॅसच्या वापरकर्त्यांना तो ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला, बाकीच्यांना जानेवारी २०२५ मध्ये. ज्या कंपनीचे वापरकर्ते एकेक डिस्क विकत घेतात, तिने खर्च केला तेव्हाच गाडी हलली, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

एका शब्दाचा फरक

सोय आली म्हणून डोळे झाकून वापरावी अशी स्थिती नाही. झेडएफएसच्या आज्ञांमध्ये 'अॅड' आणि 'अटॅच' असे दोन शब्द आहेत. इंग्रजीत अर्थ जवळपास एकच, परिणाम दोन टोकांचे. 'अटॅच' म्हटलं तर नवी डिस्क संचात सामील होते. 'अॅड' म्हटलं तर ती संचाच्या शेजारी एकटी उभी राहते, पॅरिटीविना. पूल नवा डेटा तिच्यावरही टाकू लागतो, आणि ती एकटी डिस्क मेली की चार डिस्कच्या सुरक्षित संचासकट अख्खा पूल जातो. रेड-झेड असलेल्या पुलातून अशी चुकून जोडलेली डिस्क मागे घेता येत नाही. आज्ञा देताना यंत्र इशारा देतं आणि अडवतं, पण 'जबरदस्तीने कर' असं सांगितलं की ऐकतं. इंटरनेटवरून आज्ञा उचलून चिकटवणाऱ्याने इथे दोनदा वाचावं.

दुसरी गोष्ट जागेची. जुना डेटा पाच डिस्कवर पसरतो, पण त्याचे गट जुनेच राहतात : तीन तुकडे डेटा, एक पॅरिटी. नवा डेटा चारास एक या प्रमाणात लिहिला जातो. म्हणजे जुन्या फाइली त्यांनी व्यापलेल्या जागेपैकी ७५ टक्के कामाला लावतात, नव्या ८० टक्के. त्यातून मोकळ्या जागेचा आकडा मात्र झेडएफएस जुन्याच प्रमाणाने दाखवत राहते, त्यामुळे डिस्क लावल्यावर 'माझी जागा कुठे गेली?' असा प्रश्न अनेकांना पडतो. जागा गेलेली नसते, हिशेबाची पद्धत जुनी असते. जुन्या फाइली पुन्हा लिहून काढल्या की फरक भरून निघतो, त्यासाठी पुढे वेगळी आज्ञाही आली. मात्र स्नॅपशॉट ठेवलेले असतील तर ते जुने तुकडे सोडत नाहीत, आणि जागा वाचवायला जावं तर तीच दुप्पट लागते.

विस्तार मागे घेता येत नाही. एका वेळी एकच डिस्क जोडता येते आणि डेटा जास्त असेल तर त्याला तासच नव्हे, दिवसही लागू शकतात. एकेरी पॅरिटीचा संच पुढे दुहेरी करता येत नाही, म्हणून चार डिस्कवर एक पॅरिटी ठेवून पुढे आठ-नऊपर्यंत वाढवत नेणं हा नव्या सोयीने दाखवलेला मोह आहे. डिस्क जितक्या जास्त, तितकी एकाच वेळी दोन बिघडण्याची शक्यता जास्त. पुढे वाढवायचं मनात असेल तर पहिल्या दिवशीच दोन पॅरिटी घेतलेल्या बऱ्या. आणि कितीही पॅरिटी असली तरी चुकून पुसलेली फाइल, चोरी किंवा आग यांवर तिचा उपयोग नाही. तिथे दुसऱ्या जागी ठेवलेली प्रतच कामी येते.

इतरांनी हे आधीच केलं होतं ना?

केलं होतं. लिनक्सच्या स्वतःच्या रेड व्यवस्थेत, म्हणजे एमडीमध्ये, २००६ पासून चालू संचाला डिस्क जोडता येते. पण तिला डेटाची तपासखूण ठेवायची सवय नाही. डिस्कने गुपचूप चुकीचा डेटा दिला, तर चूक कुठे आहे ते तिला कळत नाही. बीटीआरएफएस तपासखूण ठेवते, कमी-जास्त आकाराच्या डिस्क आनंदाने घेते, वाढवायला आणि काढायलाही सोपी आहे. मात्र प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती ठेवल्या तरच तिच्यावर विसंबावं, तिचा पॅरिटीचा प्रकार महत्त्वाच्या डेटासाठी वापरू नका, असं तिची अधिकृत माहितीच सांगते.

तयार खोकी विकणाऱ्यांनी तर याहून सोपं केलं होतं. २००७ मध्ये आलेल्या ड्रोबोमध्ये कोणत्याही आकाराची डिस्क सरकवायची, आज्ञा वगैरे काही नाही. लाल दिवा लागला की समजायचं, इथे डिस्क हवी आहे. पण आतली मांडणी कंपनीची खासगी होती. दुसऱ्या यंत्राला ती वाचता येत नव्हती. २०२२ मध्ये मालक कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षी ती मोडीत निघाली. खोकं बिघडलं आणि दुसरं मिळालं नाही, तर धडधाकट डिस्क हातात असूनही फोटो दिसणार नाहीत, अशी वेळ तिच्या ग्राहकांवर आली.

सिनॉलॉजीची मांडणी तशी बंदिस्त नाही. तिच्या खोक्यांत लिनक्सच्याच एमडी आणि एलव्हीएम या व्यवस्था आहेत, त्यामुळे त्या डिस्क साध्या लिनक्स कॉम्प्युटरवरही वाचता येतात. तिथे कुलूप दुसऱ्या दाराला लागलं. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की त्या वर्षीच्या 'प्लस' मालिकेत स्वतःच्या शिक्क्याच्या किंवा स्वतः प्रमाणित केलेल्या डिस्कवरच सगळ्या सोयी मिळतील. डिस्क वाढवणं सोपंच, पण कोणती वाढवायची ते कंपनी ठरवणार. ग्राहक भडकले आणि ऑक्टोबरमध्ये आलेल्या ७.३ या आवृत्तीत ही अट बरीच सैल करावी लागली.

कपाटातल्या जुन्या डिस्कचं काय?

झेडएफएसमध्ये अजून न सुटलेला प्रश्न आकाराचा आहे. रेड-झेडच्या संचात सगळ्यात लहान डिस्क जेवढी, तेवढीच जागा प्रत्येकीची धरली जाते. ४ टेराबाइटच्या चार डिस्कना १२ टेराबाइटची पाचवी जोडली, तर तिचे ८ टेराबाइट नुसते पडून राहतात. आणि जोडायची डिस्क संचातल्या इतरांपेक्षा लहान असेल तर ती घेतलीच जात नाही. आपल्याकडे तर घरोघरी वेगवेगळ्या वर्षांत घेतलेल्या, वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क कपाटात सापडतात.

त्यावर 'एनीरेड' नावाचं काम चालू असल्याची घोषणा २०२५ मध्ये झाली. डिस्कचे छोटे-छोटे समान वाटे पाडून, कमी-जास्त आकाराच्या डिस्क एकाच संचात नांदवायच्या, अशी ती योजना आहे. याचाही खर्च उचलणारी मंडळी घरगुती सर्व्हरच्याच धंद्यातली आहेत : हेक्सओएस ही प्रणाली बनवणारी कंपनी. तोवर नवा संच बांधणाऱ्याने एवढं करावं : पहिल्या चार डिस्क घेतानाच पाचवीचा आकार ठरवून टाकावा.